पर्वतीच्या पायऱ्या

पहाटेचे साडेपाच. पायथ्याशी अजून दिवे आहेत, आणि वर निघालेल्यांत पिकल्या केसांचीच माणसं जास्त. कानटोपी, स्वेटर, कुणाच्या हातात काठी. साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या आजी पुढे, आजोबा दोन पायऱ्या मागे.

एकशे तीन पायऱ्या. वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलं. हत्तीही चढून जावा अशा बेतानं या पायऱ्या घडवल्या, असं पुण्यात सांगतात. रुंद दगड, कमी चढ. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेबांनी जून १७६१ मध्ये इथंच देह ठेवला. तेव्हा त्यांचं वय चाळीस. इथं रोज येणारी कितीतरी माणसं सत्तरी ओलांडलेली आहेत.

आता फक्त पाय बघा. पाऊल टेकतं, गुडघा वाकतो, आणि मांडी सगळं अंग वर उचलते. सपाट रस्त्यावर मांडीला एवढं काम पडत नाही. साठीनंतर स्नायू भराभर रोडावतात, आणि हात न टेकता खुर्चीतून उठणं, बसमध्ये चढणं, घसरलो तर सावरणं, सगळं याच स्नायूंच्या जिवावर असतं. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते. शिवाय तीन दिवस तोल आणि ताकदीचा. हा दुसरा भाग आपल्या घरांत कुणी बोलत नाही. ‘बाबा, बागेत चक्कर मारून या’ एवढंच. वर ‘आता जिने नकोत’ अशी प्रेमाची बंदी. ही बंदी उठायला हवी.

वर पोचल्यावर कुणी सूर्यनमस्कार घालतं, कुणी कठड्याला टेकून नैर्ऋत्येला सिंहगड शोधतं. थर्मासमधला चहा फिरतो. कालपासून कोण आलं नाही, याची चौकशी होते. थंडीतही अंथरूण सोडायला लावते ती ही चौकशी.

उतरणं मात्र सावकाश. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो. त्या काकू बघा, तिरक्या वळून एकेक पायरी घेतायत. काहींचे गुडघे दुखतात, काहींचं येणं थांबतं. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर आधी डॉक्टर.

नव्यानं आलेल्याला ही मंडळी लगेच वर नेत नाहीत. पहिला आठवडा अर्ध्यापर्यंतच. तिथं बसायचं, श्वास जुळू द्यायचा आणि उतरायचं.