ठिपका ताऱ्याचा की यंत्राचा?

(दृश्य : शिवाजी विद्यापीठाचा परिसर. झाडीतून विभागाकडे जाणारा रस्ता.)

"दुर्बीण बघायची नोकरी म्हंजे रात्रपाळीच असंल की गं?" मंगळवार पेठेतल्या घरी आजी अजून विचारते. रात्रपाळी नाही. नातीची दुर्बीण जमिनीपासून सुमारे ६५० किलोमीटर वर फिरते आणि तिला डोळा लावायची जागाच नाही. नाव ॲस्ट्रोसॅट. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोच्या पीएसएलव्हीने ती श्रीहरिकोट्याहून वर नेली. अतिनील प्रकाशासाठी एक जुळी दुर्बीण आणि क्ष-किरणांसाठी चार उपकरणं एकाच उपग्रहावर बसवलेली.

ही मुलगी सपोर्ट सायंटिस्ट. बसते पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत. उपकरणं बांधणारे वेगळे, बंगळुरूहून उपग्रहाला आज्ञा पाठवणारे वेगळे आणि आलेल्या आकड्यांवर शोधनिबंध लिहिणारे आणखी वेगळे. एकाचं बोलणं दुसऱ्याला समजेल असं करायचं, हे तिचं काम. सुट्टीला कोल्हापूरला आली तरी विभागातली मुलं तिला गाठतातच.

(दृश्य : पन्हाळा, संध्याकाळ.)

पन्हाळ्यावर भूचुंबकत्व संस्थेचा कॅमेरा रात्रीच्या वातावरणातला मंद उजेड टिपत आलाय. क्ष-किरणांसाठी मात्र कुठलाही गड उपयोगाचा नाही. दवाखान्यात मांसातून आरपार जाणारे हे किरण आकाशातून येताना हवेतच शोषले जातात. पावसाळा असो की कोरडं स्वच्छ आभाळ, काही फरक पडत नाही. म्हणून वर जायचं.

(दृश्य : महाद्वार. गर्दी.)

वर गेल्यावर हवी ती वस्तू हवी तेव्हा दिसते, असं मात्र नाही. किरणोत्सवाला अंबाबाईच्या देवळात उभं राहिलेल्या कोल्हापूरकराला हे लवकर पटेल. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, ठरलेल्या दिवशी, मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्याकडे येतात. वाटेत एखाद्या इमारतीचा कोपरा आला, क्षितिजावर ढग आला, की पुढच्या किरणोत्सवाची वाट बघायची. ॲस्ट्रोसॅटच्या वाटेत पृथ्वीच येते. सुमारे ९८ मिनिटांत एक फेरी पूर्ण होते आणि त्यातला बराच वेळ आपला तारा पृथ्वीआड असतो. मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांची दुर्बीण सूर्यापासून ४५ अंशांच्या आत वळवायची नाही. उपग्रह ज्या दिशेने धावतोय तिकडेही तिचं तोंड करायचं नाही, कारण त्या उंचीवर ऑक्सिजनचे सुटे अणू असतात आणि ते आतल्या भागांना घातक.

शिवाय दक्षिण अटलांटिक. तिथं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र क्षीण आहे, त्यामुळे विद्युतभारित कण बरेच खाली उतरतात. ॲस्ट्रोसॅटची कक्षा विषुववृत्ताशी फक्त ६ अंशांनी कललेली, त्यामुळे ती त्या पट्ट्याच्या कडेनेच जाते. तरीही तेवढा वेळ मोजणी सोडून द्यावी लागते. हे सगळं वजा करून उरलेल्या वेळात काय होईल, हे दुर्बिणीचा वेळ मागणारा प्रस्ताव लिहिणाऱ्याला आधीच सांगायचं. काही जणांना ते ऐकवत नाही. नाराजीही झेलायची.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर चढउतारांचा आलेख.)

खरी मजा त्यानंतर. क्ष-किरणांच्या दुर्बिणीतून वर्तमानपत्रात छापतात तसलं चित्र थेट येत नाही. येते एक भलीमोठी यादी. अमुक क्षणी, अमुक ऊर्जेचा, एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण. पुन्हा एक. त्यांतला कुठला ताऱ्याकडून आला आणि कुठला यंत्रातल्या गोंधळाचा, हे यादीत लिहिलेलं नसतं.

विभागातल्या एका मुलाने उत्साहाने आलेख तिच्यापुढे केला. "मॅडम, ह्यो तारा दर ९८ मिनिटांनी कमीजास्त होतोय." मॅडम हसल्या नाहीत, हे विशेष. "तारा न्हाई रे, आपलाच उपग्रह फिरतोय," एवढंच म्हणाल्या आणि आलेखावर पृथ्वीआडच्या वेळा मांडायला बसल्या. दोन्ही नक्षा एकमेकींवर तंतोतंत बसल्या.

माझ्या मते या नोकरीचं मर्म इथंच आहे. नवा शोध लावणाऱ्याला शंका घेणारा माणूस शेजारी लागतो, आणि तो शत्रू असून चालत नाही.

शंका निवारायला एक खात्रीचा साथीदार लागतो. तो म्हणजे वृषभ राशीतला खेकडा तेजोमेघ. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचा हा अवशेष. त्याच्या पोटातला न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोटानंतर उरलेला अतिदाट गाभा, सेकंदाला सुमारे ३० वेळा गरगरतो आणि त्याच ठेक्यात त्याच्या क्ष-किरणांचे ठोके आपल्यापर्यंत येतात. उपकरण ठाकठीक आहे का, हे बघायला जगभरच्या क्ष-किरण दुर्बिणी याच्याकडे वळतात. पण हे ठोके नीट मोजायचे तर प्रत्येक फोटॉनची वेळ आधी सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राशी जुळवून घ्यावी लागते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे तोच प्रकाश वर्षातून कधी काही मिनिटं लवकर पोचतो, कधी उशिरा. ही पायरी गाळली, की ठोके पुसट होत जातात आणि शेवटी सगळा आलेख सपाट.

याच ताऱ्याच्या कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेच्या, क्ष-किरणांचं ध्रुवण (त्यांच्या लहरी एकाच दिशेने किती कंप पावतात ते) ठोक्याच्या ओघात कसं बदलतं, हे ॲस्ट्रोसॅटच्या सीझेडटीआय या उपकरणाने मोजलं. निबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला.

सीझेडटीआय चालू झालं त्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ ला, त्याने एक गॅमा-किरण स्फोट, म्हणजे दूरच्या आकाशात अचानक उसळणारा अतिऊर्जेच्या किरणांचा झोत, पकडला होता. २०२३ पर्यंत असे सहाशे स्फोट जमले. असे पाहुणे सांगून येत नाहीत. ठरलेलं निरीक्षण मोडून दुर्बीण तिकडे वळवायची का, हे मग घाईने ठरवावं लागतं. मॅडमचा फोन म्हणून जेवतानाही ताटाशेजारी असतो. आजीला तो आवडत नाही.

(दृश्य : विभागातली जुनी बाकं.)

आयुका १९८८ साली सुरू झाली ती विद्यापीठांतल्या लोकांना खगोलशास्त्राची साधनं मिळावीत म्हणून. ती उभी करणारे जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचेच. आपल्याकडे त्यांचं नाव अभिमानाने घेतात, आणि घ्यावंच. पण विद्यापीठातल्या मुलापर्यंत दुर्बिणीचा वेळ पोचवायचा, तर कुणीतरी त्याच्या फायली उघडून बघाव्या लागतात, कॅलिब्रेशनची (उपकरणाची मोजणी बिनचूक करणाऱ्या आकड्यांची) जुनी आवृत्ती वापरलीस म्हणून सांगावं लागतं, तोच प्रश्न दहाव्यांदा न चिडता ऐकावा लागतो. निबंध छापून येतो तेव्हा या माणसांचं नाव शेवटच्या आभारात. कधी तेही नाही. मला हे खटकतं. मॅडमना विचारलं, तर त्या विषय बदलतात.

(दृश्य : दुपार. विभागाबाहेरची चहाची टपरी.)

तोच मुलगा पुन्हा येतो.

"मॅडम, खेकड्यासाठी आपणच प्रस्ताव टाकूया की. मे-जूनात सुट्टी हाय, निवांत काम हुईल."

"जूनच्या मध्याला सूर्य कुठं असतोय?"

मुलगा मोबाईलवर आकाशाचा नकाशा उघडतो. बराच वेळ गप्प.

"खेकड्याच्या शेजारीच."

"मग? ४५ अंश मोज दोन्हीकडनं. ऑगस्टनंतरचं माग. आणि तंवर संग्रहात खेकड्याची जुनी निरीक्षणं पडल्यात, सगळ्यांना खुली हायत. उतरवून घे, वेळा जुळव, ठोके काढून दाखव."

"कधीपर्यंत?"

"सोमवारी मी पुण्याला जाणार. त्याच्या आधी."