गाडीच्या दाराची काच अडते कुठे?

(दाराच्या खालच्या काठात टोचा. ओला चिखल बाहेर.)

हा चिखल दाराच्या आतला. पावसाचं पाणी काचेवरून दारात उतरतं, ते उतरणारच. म्हणून तळाला भोकं ठेवलेली असतात. ती बुजली की पत्रा आतून कुजतो. बाहेरच्या रंगाला फुगा येईतो आतलं बरंच गेलेलं असतं.

गाडी अ‍ॅम्बॅसडर, मार्क टू. मूळ डिझाइन मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीचं. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत अ‍ॅम्बॅसडर बनत होती.

आधी काच फिरवायचं हँडल. मागची चकती आत दाबली की बारीक पिन दिसते, ती टोच्याने ढकलायची. ओढाओढ केली तर दाराच्या आतल्या बाजूचा पुठ्ठा फाटतो.

(काच वर-खाली करणारं मशीन हातात, जवळून.)

काच जड झाली की लोक सरळ मशीन बदलतात. पण हे दाते बघा, एकाच टोकाला झिजलेत. दोष मशीनचा नाही. काच ज्यात सरकते तो कडेचा फेल्ट, म्हणजे जाड लोकरी पट्टी, कडक झाला, काच आवळली आणि सगळा जोर दात्यांवर आला. फेल्ट तसाच ठेवून नवं मशीन घातलं, तर तेही असंच झिजणार.

स्प्रिंग ताणलेली असते. दातेरी पट्टी बोल्टने अडवल्याशिवाय मशीन सोडू नका, बोटं चेचतात. मग रात्रभर रॉकेलमध्ये. सुकलेलं ग्रीस ब्रशने निघतं, अडकलेला रोलर सुटतो. दात्यांना नव्या ग्रीसचा पातळ थर. फेल्टला मात्र ग्रीस नको, तेलही नको. धूळ धरते आणि काचेवर ओरखडे उठतात. सिलिकॉनचा फवारा पुरतो.

काचेखालची पट्टी काढण्याआधी काचेच्या पुढच्या कडेपासून तिचं अंतर मोजून ठेवा. चार मिलिमीटर सरकली तरी काच तिरकी चढते. बसवताना पट्टीतल्या रबराला साबणाचं पाणी, वर लाकडी हातोडीचे हलके ठोके.

(दार अर्धं उघडं. टोकाकडून उचललं जातं.)

इतकं खालीवर हलतंय म्हणजे बिजागरीच्या पिना गेल्या. पिना न बदलता दार जिथे अडकतं तो खटका सरकवून दार लावलं, तर ते पुन्हा लोंबतंच.

पत्राकाम, प्रायमर, रंग झाला. आत मेणाचा फवारा, भोकं मोकळी ठेवून. पुठ्ठ्यामागे प्लास्टिकचा कागद. त्याचा खालचा काठ दाराच्या आत खोचलेला, म्हणजे पाणी पुठ्ठ्याकडे न येता भोकांकडे जातं.

आता हँडल दोन बोटांनी फिरतं.

(निवेदन नाही. काच वर जाण्याचा आवाज.)