आयर्विनला किती?

वहिनी, कार्यालयातले सहकारी आणि नदीकाठच्या गल्ल्यांतून आवर्जून आलेली मंडळी,

तात्या आणि मी सव्वीस पावसाळे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना काढले. म्हणून आज मी बोलावं असं सगळ्यांना वाटलं. मला मात्र सकाळपासून त्यांच्या त्या समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघवत नाहीये.

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की खुशाली मागाहून विचारतात. आधी विचारतात, 'आयर्विनला किती?' आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, 1929 साली वाहतुकीला खुला झालेला. तिथं पाणी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. तात्यांचं काम पुलाजवळची, पाण्याची उंची दाखवणारी पट्टी वाचण्याचं. पूर चढायला लागला की ते दर तासाला बॅटरी घेऊन जायचे, पाणी हलत असलं तर दोन-तीनदा बघायचे आणि मगच इंच लिहायचे.

कार्यालयात फोन वाजला की आम्ही आकडा सांगून मोकळे व्हायचो. तात्या विचारायचे, 'कुठनं बोलताय? दत्तनगर? कुठली गल्ली?' आणि मग सांगायचे, '41 फूट 7 इंच झालंय. तुमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीला आता लागंल. म्हाताऱ्या आईला आत्ताच हलवा, अंधार पडू देऊ नका.' समोरच्याला फुटांचं काय कळणार! त्याला आपला उंबरा कळतो. तात्यांना दोन्ही कळायचं.

एक गोष्ट मला आज सांगितलीच पाहिजे. 2005 च्या पुरात एका रात्री तात्या पट्टीवर गेले होते आणि फोन मी उचलला. कोयना धरणातून विसर्ग कमी केल्याचा निरोप नुकताच आला होता. त्या भरवशावर मी पलीकडच्या माणसाला म्हणालो, 'आता थांबेल, निवांत झोपा.' कोयनेचं पाणी इथवर यायला वेळ लागतो, मधल्या मुलखातला पाऊसही नदीतच येतो आणि खाली हरिपूरला वारणा तुंबलेली असली की कृष्णेला पुढं सरकायला जागा मिळत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी बोललो. पहाटे त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. माणसं गच्चीवर गेली म्हणून वाचली, पण मुलीच्या लग्नासाठी जमवलेलं सगळं सामान गेलं.

तात्या मला एका शब्दानं बोलले नाहीत. पाणी उतरल्यावर मला घेऊन त्या घरी गेले आणि दोन दिवस आम्ही तिथला गाळ काढला. परतताना एवढंच म्हणाले, 'पट्टीवर दिसतं तेवढं सांगायचं. पुढचं विचारलं तर म्हणायचं, सामान वर घ्या.'

त्या आठवड्यात त्यांनी एक लांबट वही केली. पूर ओसरला की रविवारी सायकलवर गल्लीगल्लीत जायचे, भिंतीवरची ओल बघायचे, घरच्यांना विचारायचे आणि कुठल्या फुटाला पाणी कुणाच्या पायरीला लागलं ते लिहायचे. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा चार दिवस ते कार्यालयातून हलले नाहीत आणि फोनवर ही वहीच वाचत राहिले. वहिनी तेव्हा शाळेतल्या छावणीत होत्या. त्या पुरातल्या पानावर तात्यांच्या अक्षरात आहे : '52 – आमचा उंबरा. हिनं तुळस वर नेली.' स्वतःच्या घराबद्दल एवढंच.

माघात आजार कळला. ज्येष्ठ सरायच्या आत सगळं आटोपलं. शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात गेलो तेव्हा बाहेर पहिला मोठा पाऊस पडत होता. आवाज उरला नव्हता, ओठ हलले ते मला कळले. म्हणालो, 'अकरा फूट, तात्या.' त्यांनी माझ्या हाताला धरलं आणि डोळ्यांनी विचारलं, बघून आलास? मी फोनवर ऐकलं होतं. तसाच उठलो, पुलावर गेलो, भिजत पट्टी बघितली आणि परत येऊन सांगितलं, '11 फूट 4 इंच.' मग त्यांनी हात सोडला.

ती वही वहिनींनी आज कार्यालयाला दिली आहे. मागं दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, सोबत पेन आहे. शेवटची बरीच पानं कोरी आहेत. आषाढ लागलाय. जाताना आपापल्या पायरीला किती फुटाला पाणी लागतं ते लिहून जा. नक्की आठवत नसेल तर जागा सोडा, रविवारी मी सायकल घेऊन येतो.