गणित-भौतिकशास्त्राची पदवी: विषयांच्या यादीमागचा क्रम

(पडद्यावर अभ्यासक्रमाची पुस्तिका. विषयांच्या तक्त्यावरून कॅमेरा सावकाश खाली येतो.)

अभ्यासक्रमाची पुस्तिका हातात पडली की नव्या विद्यार्थ्याची नजर आधी आकड्यांकडे जाते. एकूण क्रेडिट किती, अनिवार्य विषय किती, ऐच्छिक किती. युरोपात तीन वर्षांच्या पदवीला साधारण १८० क्रेडिट लागतात, अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीला साधारण १२०. क्रेडिट मोजायची रीतच दोन्हीकडे वेगळी आहे, त्यामुळे हे आकडे शेजारी मांडून फारसं काही हाती लागत नाही. प्रत्येक विषयाखाली बारीक अक्षरात एक ओळ असते, ती आधी वाचावी: या विषयापूर्वी कोणते विषय झालेले हवेत. सगळ्या वर्षांचा मेळ त्या ओळीवर बसतो, नाहीतर फिसकटतो.

विषयांची नावं जगात कुठेही गेलात तरी जवळपास तीच. गणितात कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, रिअल ॲनालिसिस, अमूर्त बीजगणित, कॉम्प्लेक्स ॲनालिसिस. भौतिकशास्त्रात यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, लहरी आणि प्रकाश, क्वांटम मेकॅनिक्स, ऊष्मागतिकी, सांख्यिकीय यांत्रिकी आणि प्रयोगशाळा. वरवर पाहता या दोन स्वतंत्र याद्या. प्रत्यक्षात पहिली दोन वर्षं त्या एकमेकींत पार गुंतलेल्या असतात.

अडचण वेळेची आहे. भौतिकशास्त्राला गणित लवकर लागतं, आणि गणिताला ते नीट सिद्ध करून शिकवायला वेळ लागतो. विद्युतचुंबकत्वाच्या तासाला गाऊसचं आणि स्टोक्सचं प्रमेय (एखाद्या भागावरची बेरीज त्याच्या सीमेवरच्या बेरजेशी जोडणारे नियम) फळ्यावर येतं, तेव्हा गणिताच्या वर्गात अनेक चलांचं कॅल्क्युलस कधी कधी अर्ध्यावरसुद्धा पोचलेलं नसतं. म्हणून बहुतेक भौतिकशास्त्र विभाग ‘गणिती पद्धती’ असा आपला स्वतंत्र विषय ठेवतात. काही गणितज्ञांना तो उथळ वाटतो. माझं मत वेगळं आहे. वापरता वापरता शिकलेलं गणितही पक्कं होतं, फक्त पुढे केव्हातरी त्याच्या सिद्धतेशी गाठ पडली पाहिजे.

स्टोक्सच्या प्रमेयाचा इतिहास तर थेट परीक्षेच्या दालनातला आहे. विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखल्या गेलेल्या शास्त्रज्ञाने, १८५० साली स्टोक्स यांना लिहिलेल्या एका पत्रात हे प्रमेय कळवलं होतं. स्टोक्स यांनी ते १८५४ मध्ये केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत प्रश्न म्हणून घातलं. त्या परीक्षेला बसलेल्यांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल हा तरुण होता. पुढे १८७३ साली त्याने विद्युतचुंबकत्वावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हे प्रमेय वापरलेलं आहे.

(पडद्यावर एक हात, हातात पुस्तक.)

आता लिनिअर अल्जिब्राकडे वळू. एक पुस्तक समोर धरा. आधी ते उभ्या अक्षाभोवती पाव वळण फिरवा, मग आडव्या अक्षाभोवती पाव वळण. ते कसं थांबलं ते लक्षात ठेवा. पुन्हा पहिल्या जागी आणा, आणि आता हीच दोन वळणं उलट क्रमाने द्या. पुस्तक निराळ्याच स्थितीत येऊन थांबतं. प्रत्येक वळण एका मॅट्रिक्सने, म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या आकड्यांच्या चौकटीने, लिहिता येतं, आणि मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं.

१९२५ च्या उन्हाळ्यात तेवीस वर्षांच्या वेर्नर हायझेनबर्गने अणूंच्या वर्तनाचं नवं गणित मांडलं, आणि क्वांटम मेकॅनिक्सची सुरुवात झाली. त्यात गुणाकाराचा क्रम उलटला की उत्तर बदलत होतं, आणि हे त्याला खटकत होतं. मॅट्रिक्स हा विषय त्याला माहीत नव्हता. त्याचा शोधनिबंध माक्स बोर्न यांच्या हातात आला. बोर्न यांनी विद्यार्थिदशेत ब्रेस्लाऊ इथे याकोब रोझानेस यांच्याकडे मॅट्रिक्सचा अभ्यास केला होता. हा गुणाकार आपण तिथे शिकलो आहोत, हे त्यांनी ओळखलं. मग पास्क्वाल योर्डानला सोबत घेऊन त्यांनी त्याच वर्षी तो सिद्धांत मॅट्रिक्सच्या भाषेत नीट बांधून काढला. लिनिअर अल्जिब्रा पहिल्याच वर्षी व्हावं असा आग्रह मी धरते तो यासाठी. आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स ज्या दिशा बदलत नाही, त्या दिशांत ती किती पट ताणते तो आकडा) म्हणजे काय हे ज्याच्या अंगवळणी पडलेलं नाही, तो क्वांटमच्या वर्गात दोन विषय एकदम शिकत असतो, आणि बहुधा दोन्ही अर्धेच पदरात पडतात.

रिअल ॲनालिसिसबद्दल तक्रारी सर्वांत जास्त येतात. कॅल्क्युलस तर झालंय, तेच पुन्हा एप्सिलॉन आणि डेल्टा लावून, म्हणजे ‘किती जवळ’ हे काटेकोरपणे मांडून सिद्ध करत, कशाला? भौतिकशास्त्राची मुलं हे हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर उष्णतेच्या अभ्यासात सापडतं. १८०७ मध्ये जोसेफ फूरिए यांनी पॅरिसमध्ये उष्णतेच्या प्रसारावर एक निबंध सादर केला. जवळपास कोणतंही फलन साइन आणि कोसाइन लाटांची बेरीज म्हणून लिहिता येतं, असा त्यांचा दावा होता. गणितज्ञ लाग्रांज यांना तो पटला नाही. पुढे १८२१ साली कोशी यांनी एकोल पॉलितेक्निकच्या विद्यार्थ्यांसाठी ॲनालिसिसचं पाठ्यपुस्तक लिहिलं. अखंड फलनांची, म्हणजे ज्यांचा आलेख कुठे तुटत नाही अशा फलनांची, अनंत मालिका अभिसारी असेल, म्हणजे तिची बेरीज ठरावीक मूल्याकडे जात असेल, तर तिची बेरीजही अखंडच असते, असं एक प्रमेय त्यांनी त्यात दिलं होतं.

१८२६ साली नील्स हेन्रिक आबेल यांनी दाखवून दिलं की या प्रमेयाला अपवाद आहेत.

(पडद्यावर लाटा एकीवर एक चढत जातात.)

आबेल यांचं उदाहरण डोळ्यांनी पाहता येतं. पहिली साइन लाट पूर्ण उंचीची. दुसरीची वारंवारता दुप्पट आणि उंची निम्मी, तिसरीची वारंवारता तिप्पट आणि उंची एक तृतीयांश, असंच पुढे. चिन्हं आलटून पालटून, एक अधिक, एक उणे. दहा लाटांची बेरीज घ्या किंवा हजार लाटांची, आलेख कुठेही तुटत नाही. अनंत लाटांची बेरीज मात्र सरळ तिरक्या रेषेत चढत जाते आणि पाय या मूल्याशी एका झटक्यात खाली पडते. एकही लाट तुटलेली नाही, तरी बेरीज तुटली. हे का घडतं ते समजून घेण्यासाठी एकविध अभिसरणाची, म्हणजे बेरीज सगळ्या बिंदूंवर एकसारखी अंतिम मूल्याजवळ येते का याची, कल्पना लागते, आणि ती शिकायची जागा म्हणजे रिअल ॲनालिसिसचा वर्ग. भौतिकशास्त्रात आपण रोज अनंत बेरजा करतो, त्यांच्या एकेका पदाचं अवकलन (डिफरन्शिएशन) करतो. ते कधी चालतं आणि कधी चालत नाही, हे एकदा तरी मुळापासून पाहिलेलं असावं.

उलट बाजूने, गणिताची मुलं प्रयोगशाळेला कमी लेखतात, आणि ही गोष्ट मला जास्त टोचते. एक मीटर लांबीचा लंबक घ्या. त्याचं एक आंदोलन सुमारे दोन सेकंदांचं. स्टॉपवॉच दाबताना बोटाची चूक ०.२ सेकंद धरली, तर एकाच आंदोलनावरून काढलेल्या वेळेत दहा टक्के चूक येते. गुरुत्वत्वरणाच्या सूत्रात वेळेचा वर्ग असल्याने तिथे ती दुप्पट, म्हणजे वीस टक्के होते. तोच हात, तेच घड्याळ, पण सलग वीस आंदोलनं मोजून वीसने भागलं, की वेळेतली चूक अर्ध्या टक्क्यावर येते आणि गुरुत्वत्वरणातली एका टक्क्यावर. उपकरण बदललं नाही, मोजण्याची पद्धत बदलली. चुकीचा हिशेब उत्तराइतकाच महत्त्वाचा असतो, हे पुस्तकातून पटत नाही. बोटाखाली घड्याळ असतं तेव्हा पटतं.

दोन्ही विषयांची जोडपदवी घ्यायची असेल, तर आधी दोन गोष्टी पाहाव्यात. कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स दोन्ही विभागांत धरले जातात का, याची लेखी खात्री करून घ्यावी. तिथे मोकळी झालेली जागाच पुढे ऐच्छिक विषयांना मिळते. दुसरी गोष्ट प्रयोगशाळेची. अनेक ठिकाणी प्रात्यक्षिकाच्या दोन तासांना व्याख्यानाच्या एका तासाइतकंच क्रेडिट मिळतं. त्यामुळे कागदावर हलकं दिसणारं सत्र प्रत्यक्षात चांगलंच भरगच्च निघतं.

आराखडा शेवटच्या वर्षापासून मागे यावं तसा आखावा. शेवटी सांख्यिकीय यांत्रिकी हवी, तर त्याआधी संभाव्यता आणि क्वांटम हवं. क्वांटमआधी लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि हॅमिल्टनच्या, ऊर्जेच्या भाषेतल्या मांडणीपर्यंत पोचलेली यांत्रिकी हवी. यातले बरेचसे विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. एखादा हुकला, तर त्यावर उभे असलेले सगळे विषय वर्षभर मागे सरकतात. प्रोग्रामिंगचा एखादा विषयही पहिल्या दोन सत्रांतच उरकावा. बरीच समीकरणं कागदावर सुटत नाहीत, ती संगणकावर आकडेमोड करून सोडवावी लागतात, आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हाती आल्यावर ते शिकायला सवड उरत नाही.