खिडकीतले अठरा दिवस

(दृश्य : ठाण्यातील एका गृहसंकुलाचा सातवा मजला. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, एसीच्या यंत्रामागे बसलेला पारवा.)

निवेदन :

सहावी-सातवीच्या वर्गात पक्ष्यांचे जीवनचक्र शिकवताना फळ्यावर एक वर्तुळ काढले जाते आणि अंडे, पिल्लू, तरुण पक्षी व प्रौढ पक्षी अशी चार चित्रे बाणांनी जोडली जातात. ही आकृती चुकीची नाही. मात्र तिच्यातले सगळे बाण सारख्याच लांबीचे असतात आणि निसर्गात ते तसे नसतात. कोणता बाण किती दिवसांचा, हे विचारले की वही-पेन्सिल घेऊन खिडकीशी बसावे लागते, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या कित्येक घरांत तेवढे पुरेसे ठरते.

ज्याला घरटे म्हणताना सुगरण पक्ष्याची क्षमा मागावी लागेल, अशा मूठभर काटक्यांवर पारव्याची मादी दोन पांढरी अंडी घालते. दुसरे अंडे बहुधा एका दिवसाआड येते. घरातल्यांना वाटते की एकच पक्षी दिवसरात्र बसून आहे. प्रत्यक्षात सकाळ सरता सरता नर येऊन बसतो, दुपार उलटल्यावर मादी परतते आणि रात्रभर तीच अंडी उबवते. ही पाळी बदलण्याची वेळ विद्यार्थ्यांनी आठवडाभर टिपली, तरी आई-वडील दोघेही उबवतात हे वाक्य पाठ करावे लागत नाही.

(दृश्य : वर्गात बशीत फोडलेले कोंबडीचे अंडे.)

कवचाच्या आत काय चालले आहे, हे समजण्यासाठी कोंबडीचे अंडे पुरते. पिवळा बलक म्हणजेच पिल्लू, असा समज मुलांमध्ये सर्रास आढळतो. पिल्लाची वाढ बलकावरच्या एका फिकट ठिपक्यापासून होते, बलक ही त्याची शिदोरी असते आणि पांढरा भाग त्याला पाणी व प्रथिने पुरवत धक्क्यांपासून जपतो. अंड्याच्या बोथट टोकाशी हवेची पोकळी असते आणि कवचातील हजारो सूक्ष्म छिद्रांतून हवेची ये-जा होत राहते. दुकानातून आणलेले अंडे उबवले तर पिल्लू निघेल का, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. विक्रीची अंडी सहसा फलित नसतात, हे तिथेच स्पष्ट सांगावे.

(दृश्य : घरटे, बंद काचेआडून.)

साधारण अठराव्या दिवशी पिल्लू चोचीच्या टोकावरील छोट्या टणक उंचवट्याने कवच आतून फोडते. डोळे मिटलेले, अंगावर विरळ पिवळी लव आणि मान धरण्याचेही बळ नाही, अशा या पिल्लाला दाणे भरवता येत नाहीत. पहिले काही दिवस नर आणि मादी दोघेही गळ्याजवळच्या अन्नपुटात, म्हणजे अन्न साठवण्याच्या पिशवीत, तयार होणारा, दह्याच्या चोथ्यासारखा दाट पदार्थ त्याला भरवतात. त्याला कबुतराचे दूध म्हणतात, पण सस्तन प्राण्यांच्या दुधाशी त्याचे नाते नावापुरतेच आहे. पिल्लू जवळपास महिनाभर घरट्यात राहते आणि बाहेर पडते तेव्हा आकाराने आईबापांएवढे झालेले असते; पारव्याचे पिल्लू कधी दिसत कसे नाही, याचे उत्तर हेच आहे.

हे निरीक्षण खिडकी बंद ठेवूनच करावे, कारण वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते.

(दृश्य : नवी मुंबईतील मोकळा भूखंड, दुपारचे ऊन, खडीत बसलेली टिटवी.)

आता याच्या अगदी उलट उदाहरण पाहू. टिटवी घरटे बांधतच नाही. जमिनीवरच्या उथळ खळग्यात ती बहुधा चार अंडी घालते आणि ठिपक्यांमुळे ती खडीत मिसळून जातात. उन्हाळ्यात पोटाची पिसे पाण्यात भिजवून येऊन ती अंड्यांना गारवा देते. ही अंडी उबायला सुमारे चार आठवडे लागतात, म्हणजे पारव्यापेक्षा दहा दिवस अधिक. पारव्याच्या पिल्लाची जी वाढ घरट्यात होते, तिचा मोठा भाग टिटवीचे पिल्लू कवचातच उरकते. म्हणून डोळे उघडे ठेवूनच ते जन्मते आणि काही तासांत चालू लागते. टिटवीचे ओरडणे अशुभ मानण्याची जुनी समजूत आहे. पिल्ले जवळ असताना कुत्रा किंवा माणूस फिरकला की तिने दुसरे करावे तरी काय?

वहीतली नोंद नवव्या दिवशीच थांबू शकते, हेही मुलांना आधी सांगून ठेवावे. कावळे, भारद्वाज आणि मांजरे यांच्या तावडीतून सगळी अंडी-पिल्ले वाचत नाहीत. फळ्यावरच्या वर्तुळात ही गळती कुठेच दाखवलेली नसते, आणि ती वगळणे मला योग्य वाटत नाही.

(दृश्य : ठाणे खाडी, ऐरोलीजवळ ओहोटीच्या वेळी फ्लेमिंगोंचा थवा.)

२०१५ मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आलेल्या ठाणे खाडीत मात्र वर्तुळाचा एकच तुकडा पाहायला मिळतो. येथे हजारो फ्लेमिंगो हिवाळ्यात येतात, पोट भरतात आणि पावसाळ्याच्या सुमारास निघून जातात. त्यांचे घरटे येथे शोधून सापडणार नाही. भारतातील त्यांची प्रमुख वीण कच्छच्या रणात होते, जेथे चिखलाच्या बुटक्या ढिगाऱ्यावर मादी एकच अंडे घालते. करड्या लवेच्या, सरळ चोचीच्या त्या पिल्लालाही आई-वडील अन्नपुटातलाच द्रव भरवतात. चोच नंतर वाकते, तर गुलाबी रंग अन्नातील रंगद्रव्यांमुळे हळूहळू, काही वर्षांत चढतो.

बोटीतून थवा दिसताच मुले गुलाबी पक्षी मोजू लागतात. त्यांना मळकट करडे पक्षी वेगळे मोजायला सांगावे. ते अजून प्रौढ झालेले नाहीत.