वीजबिलातला जिझिया

'ऑस्टेरिटी'ला, म्हणजे सरकारनं खर्च कापण्याच्या आणि कर वाढवण्याच्या धोरणाला, आपली वर्तमानपत्रं 'काटकसर' म्हणतात, तेव्हा मला खटकतं. काटकसर हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द आहे. आजी डाळीच्या डब्यात नोटा लपवायची, ती काटकसर. ती तिनं स्वतः ठरवलेली होती. ग्रीसमध्ये २०१० नंतर ठरवणारे एक होते आणि पोटाला चिमटा बसला तो दुसऱ्यांच्या. आज मला बोलायचंय ते या फरकाबद्दल.

ग्रीसची चूक झाकायचं कारण नाही. तिथल्या सरकारांनी वर्षानुवर्षं तुटीचे आकडे दडवले, करबुडव्यांकडे काणाडोळा केला. २००९ च्या ऑक्टोबरात सरकार बदललं, वह्या उघडल्या, आणि तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या १५ टक्क्यांवर निघाली. २०१० च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान पापान्द्रेऊ यांनी कास्तेलोरिझो नावाच्या चिमुकल्या बेटावरून मदतीची हाक दिली. मागे निळंशार बंदर, आणि पुढे दिवाळखोरीची कबुली! मे महिन्यात ११० अब्ज युरोंचं कर्ज मंजूर झालं. युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या तिघांच्या अटींवर. लोक या त्रिकुटाला 'त्रोइका' म्हणू लागले. पैशांचा मोठा भाग मात्र जुने सावकार फेडण्यातच गेला, आणि त्यांत फ्रेंच-जर्मन बँकाही होत्या.

अटी कशा घरात शिरतात, ते पाहा. २०११ च्या सप्टेंबरात सरकारनं घरपट्टीसारखा एक नवा कर काढला आणि तो थेट वीजबिलात घातला. कर भरला नाही, तर वीज तोडणार. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'हारात्सी'. तुर्की अमलात ख्रिस्ती रयतेकडून जी वसुली व्हायची, तिचं हे नाव. आपण जाचक कराला 'जिझिया' म्हणतो, अगदी तसंच. तिथल्या न्यायालयानं पुढे वीज तोडणं बेकायदा ठरवलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यात सरकारनं घर गरम ठेवायच्या तेलावरचा कर वाढवला. २०१२-१३ च्या हिवाळ्यात अथेन्सवर धुराचं सावट पसरलं, कारण माणसं घरात लाकडं जाळत होती. युरोपीय राजधानीत, एकविसाव्या शतकात.

किमान वेतन २२ टक्क्यांनी कापलं गेलं, पंचविशीच्या आतल्यांचं ३२ टक्क्यांनी. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली, तरुणांत तर निम्म्याहून जास्त जण कामाविना. एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याची कमाई, हे कोपऱ्यावरच्या वाण्यालाही कळतं. गिऱ्हाइकांनी हात आखडला की त्याचा गल्ला बसतो. नाणेनिधीच्या हिशोबात मात्र एक युरो कापला की उत्पन्न साधारण अर्ध्या युरोनं घटेल, असं धरलं होतं. २०१३ मध्ये निधीचेच मुख्य अर्थतज्ज्ञ ओलिव्हिए ब्लांशार यांनी दाखवून दिलं की हा अंदाज चुकला, घट त्याहून बरीच मोठी होती. कबुली आली, पण तोवर पाव अर्थव्यवस्था गळून गेली होती, आणि उत्पन्नाच्या तुलनेत कर्ज वाढलंच होतं.

अर्थखात्याच्या सफाई करणाऱ्या ५९५ बायकांना २०१३ मध्ये घरी बसवलं. काम खाजगी कंत्राटदारांना. या बायका घरी बसल्या नाहीत. लाल रबरी हातमोजे घालून त्या मंत्रालयाच्या दारात ठाण मांडून बसल्या, महिनोन् महिने. मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात लक्षात राहणारं चित्र तेच वाटतं. २०१५ मध्ये सत्तेवर आलेल्या, या कपातीला विरोध करणाऱ्या सिरिझा या डाव्या पक्षाच्या सरकारनं त्यांना परत कामावर घेतलं.

मतपेटीचं काय झालं? २००९ मध्ये ४४ टक्के मतं घेणारा पापान्द्रेऊ यांचा पासोक पक्ष २०१५ च्या जानेवारीत पाच टक्क्यांच्या आत आला. 'गोल्डन डॉन' ही नाझी वळणाची संघटना अर्ध्या टक्क्यालाही महाग होती. २०१२ मध्ये तिचे १८ खासदार निवडून आले. २०१३ मध्ये तिच्या माणसानं पाव्लोस फिसास या रॅप गायकाला भोसकून मारलं, आणि २०२० मध्ये न्यायालयानं तिला गुन्हेगारी टोळी ठरवलं. रिकाम्या खिशातून थेट फॅसिझम जन्मतो, असं मी म्हणणार नाही, तेवढं सोपं ते नसतं. पण मोठे जुने पक्ष कर्जाच्या अटींच्या एकाच कागदावर सह्या करतात, तेव्हा चिडलेल्या मतदाराला जायला जागा उरते कुठे?

५ जुलै २०१५ ला सार्वमत झालं. बँका बंद, एटीएमवर दिवसाला ६० युरो. तरी ६१ टक्के लोक सावकारांच्या अटींना 'ओही', म्हणजे 'नाही', म्हणाले. आणि आठवडाभरात सिरिझाचे पंतप्रधान सिप्रास यांनी अटी मान्य केल्या. ब्रसेल्समधल्या रात्रभराच्या बैठकीनंतर.

मदतीचा कार्यक्रम २०१८ च्या ऑगस्टमध्ये संपला. हिशोब तिथं संपला नाही. २८ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री ग्रीसमधल्याच तेम्पीजवळ प्रवासी गाडी आणि मालगाडी एकाच रुळावर समोरासमोर आदळल्या. ५७ माणसं गेली, त्यांत कित्येक विद्यार्थी. सिग्नल-यंत्रणेचं कंत्राट २०१४ मध्येच झालेलं होतं, काम अपुरं होतं. रेल्वेतली माणसं कमी केलेली, प्रवासी कंपनी विकून टाकलेली. यात निष्काळजीपणा आणि भ्रष्टाचार किती, कपात किती, यावर वाद चालू आहे आणि तो चालायलाच हवा.

अपघातानंतरच्या मोर्च्यांत पोरं फलक घेऊन आली होती. त्यांवर घोषणा नव्हती, कुठल्याही आईचं बोलणं होतं: 'पोहोचलास की फोन कर.'