ठसा उमटला तर माघारी

(अंधार. बुटांखाली बर्फ करकरतो. डोक्यावरच्या दिव्याचा झोत सायकलच्या पुढच्या चाकावर येऊन थांबतो.)

पहाटेचे साडेपाच वाजलेत. सायकलच्या दांडीचा गारवा हातमोज्यातूनही बोचतोय. पारा शून्याखाली आठ अंश. एप्रिलचा दुसरा आठवडा आहे. काल रात्री पुण्याहून आईचा फोन आला होता. तिथे कैरीचं पन्हं करून झालंय, पंखा पाचवर फिरतोय. आणि इथे, कोलोरॅडोतल्या गनिसन गावाबाहेर, मी पाठीवरच्या पाण्याच्या नळीत फुंकर मारतेय. घोट घेतल्यावर नळीत उरलेलं पाणी फुंकून परत पिशवीत ढकलायचं, नाहीतर थोड्याच वेळात नळी गोठते. मग पाठीवर दोन लिटर पाणी असूनही घशाला कोरड.

शर्यतीला सहा आठवडे उरलेत.

या माउंटन बाइक शर्यतीला इथे ग्राउलर म्हणतात. मेच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून ती होते. अर्धी ३२ मैलांची, म्हणजे साधारण ५१ किलोमीटर. पूर्ण त्याच्या दुप्पट. मी अर्धी करणार आहे. हार्टमन रॉक्स नावाचा खडकाळ माळ, त्यावर गुडघ्याएवढी करडी सेजची झुडपं, मधूनमधून ग्रॅनाइटचे गोल गुळगुळीत खडक आणि त्यातून वळसे घेत जाणाऱ्या हातभर रुंदीच्या पायवाटा. वाटांची नावं ऐकली तरी अंदाज येतो. एकीचं नाव कॉलरबोन अ‍ॅली. मानेखालचं हाड जिथे मोडतं, ती गल्ली!

(दिवस उजाडतो. दरीत धुक्याचा पातळ थर.)

गनिसन सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे इथला माणूस दूध आणायला निघाला, तरी तो कळसूबाईच्या सातशे मीटर वर असतो. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊणपट. शिवाय गाव वाटीसारख्या खोऱ्यात. रात्री डोंगरउतारांवरची गार, जड हवा खाली घरंगळत येते आणि वाटीच्या तळाशी साचून राहते. म्हणून वसंत आला असं कॅलेंडर सांगतं, पण गावात पहाटेचं दव पांढरं होऊनच पडतं.

या उंचीवर मुरायला वेळ द्यावा लागतो. पहिले काही दिवस साध्या चढालाही दम लागतो, झोप तुटते. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला आठवडे जातात, ते काही घाईने होत नाही. त्यामुळे फुप्फुसांची आणि पायांची तयारी हिवाळ्यातच सुरू झाली होती. बर्फावर चार इंच रुंद टायरची फॅट बाइक, हवा अगदी कमी, अंगठ्याने दाबलं तर टायर आत जाईल इतकी. टायर पसरतो, बर्फावर तरंगतो. ते काम सोपं नव्हतं, पण सरळ होतं. बर्फ म्हणजे बर्फ.

खरी अडचण आत्ता, या दिवसांत आहे. आत्ता इथे बर्फ, पाणी, चिखल, धूळ, सगळं एकाच फेरीत भेटतं. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार उन्हाने कोरडा पडतो, तिथे टायरमागे धूळ उडते. वळण घेऊन खडकाच्या उत्तर बाजूला गेलं की मांडीएवढा बर्फ. आणि त्या दोहोंच्या मधे चिखल.

(हाताच्या अंतरावरून: मातीत रुतलेला टायरचा ठसा. कडांवर बारीक बर्फाच्या सुया.)

चिखल आपल्याला नवा नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात सायकल घातलेल्या प्रत्येकाने तो अंगावर घेतलाय. पण तिथे पाणी मुरतं, वाहून जातं. इथे तसं होत नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, मातीचे कण एकमेकांपासून सुटे करतं. मग सकाळी ऊन लागतं आणि वरचा इंचभर थर वितळतो. त्याखालची जमीन अजून दगडासारखी गोठलेलीच असते. वितळलेल्या पाण्याला खाली जायला वाटच नाही. ते तिथेच बसून राहतं आणि वर लोण्यासारखा मऊ चिखल होतो. त्यावरून एक सायकल गेली की खोल चर पडते. आठवड्याने ती चर वाळते आणि सिमेंटसारखी घट्ट होते. पुढच्या पावसाचं पाणी त्याच चरीतून धावतं, माती नेतं, वाट खणत जातं. एका बेफिकीर सकाळचं ओझं वाट वर्षभर वागवते.

हे मला पहिल्या वर्षी ठाऊक नव्हतं. त्या मार्चमध्ये मी निवांत न्याहारी करून अकराला निघाले. ऊन छान पडलं होतं. पहिले दोन किलोमीटर मजेत गेले, मग चाकाला चिखल चिकटायला लागला. आधी टायरला, मग दोन्ही बाजूंच्या दांड्यांना, मग साखळीला. मी जोर लावला. मागे काडकन आवाज आला. गिअर बदलणारा डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो, ती पट्टी तुटली होती. सायकल खांद्यावर टाकून परत चालत निघाले, तेव्हा समोर माझाच माग दिसला. दोन किलोमीटर लांब, वेडावाकडा, चार बोटं खोल. जूनमध्येही तो तिथेच होता. त्यावरून जाताना दर वेळी हँडल हिसका देतं. तुटलेली पट्टी नवी बसवली, पण त्या हिसक्याची लाज अजून गेलेली नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच: मातीवर टायरचा ठसा उमटला, तर माघारी फिरायचं. कडेच्या झुडपातून वळसा घालायचा नाही, त्याने वाट रुंदावते. उलटं फिरायचं आणि घरी जायचं.

म्हणून ही साडेपाचची वेळ. रात्रभर जमीन गोठलेली असते, उरलेल्या बर्फावर कडक साय धरलेली असते. तिच्यावरून साध्या टायरनेही जाता येतं. हवा थोडी कमी ठेवायची, बसकण जरा मागे, पुढच्या ब्रेकला हात जपून. बर्फावर हँडल वळवायचं नसतं, नजर वळवायची असते. सायकल नजरेमागे येते. साधारण नऊपर्यंत हे राज्य. मग साय मऊ पडते, चाक अचानक खचतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. नऊच्या आत मी गाडीपाशी परत आलेली असते.

कपड्यांचं एकच सांगते: सुती काही घालू नका. घाम धरून ठेवतं आणि उतारावर तोच घाम हाडं गोठवतो. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. खाण्याच्या तयार वड्या या गारठ्यात विटेसारख्या होतात, दाताला लागत नाहीत. मी खजूर आणि तिळगुळाचे लाडू छातीच्या खिशात ठेवते, अंगाच्या उबेने ते मऊ राहतात.

(विजेच्या तारांखालून जाणारा कच्चा रस्ता. बंद फाटक.)

इथून पुढे जायचं नाही. हार्टमन रॉक्सचा विजेच्या तारांपलीकडचा दक्षिण भाग १५ मार्च ते १५ मे बंद असतो. याचं कारण एक पक्षी आहे, गनिसन सेज-ग्राउझ. वेगळी जात म्हणून त्याची ओळख पटली २००० साली आणि २०१४ मध्ये अमेरिकी सरकारने त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं. जगात उरलेल्यांपैकी बहुतेक याच खोऱ्यात आहेत. वसंतात पहाटे नर ठरावीक माळांवर जमतात, छातीच्या पिशव्या फुगवतात आणि माद्यांसमोर नाचतात. त्याच माळांवर, वर्षानुवर्षं.

मला नान्नजचा माळढोक आठवतो. तोही माळाचा पक्षी, तोही गळ्याची पिशवी फुगवून मादीला साद घालणारा. सोलापूरकडच्या त्या माळावर आता तो दिसणंही मुश्कील झालंय. त्यामुळे या फाटकापाशी थांबताना मला चुटपुट लागत नाही. शर्यतीची बरीचशी वाट फाटकापलीकडे आहे, सराव अपुरा राहतो, हे खरं. तो सगळ्यांचाच राहतो. पहाटेचा हा तास आधी त्यांचा आहे.

आणि या वाटा आपोआप झालेल्या नाहीत. त्या जपणाऱ्या गनिसन ट्रेल्स या संस्थेची सुरुवात २००६ मध्ये डेव्ह वीन्स यांनी केली. कोलोरॅडोतल्याच लेडव्हिलची शंभर मैलांची माउंटन बाइक शर्यत २००३ ते २००८ सलग सहा वर्षं जिंकणारा हा माणूस. २००८ मध्ये तर जगप्रसिद्ध सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला मागे टाकून. त्यांची पत्नी सुझन डिमॅटेई हिने १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ जिंकलं, माउंटन बाइकिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं त्या वर्षी. इतकं जिंकलेल्या माणसाने फावडं हातात घ्यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. ग्राउलरमधून उभा राहणारा पैसाही याच वाटांच्या कामी येतो.

मागच्या शनिवारी मीही फावडं घेऊन गेले होते. वाटेवर साचलेल्या पाण्याला उताराच्या बाजूने तिरकी मोकळीक करून द्यायची, एवढंच काम. चार तासांत आम्ही सहा जणांनी जेमतेम तीनशे मीटर वाट दुरुस्त केली. त्यात माझी जुनी चरही होती. दंताळ्याने तिच्या कडा फोडल्या, माती भरली, बुटाने दाबली.

(१६ मेची पहाट. तेच फाटक, आता उघडं.)

आज पहिल्यांदा पलीकडे चाललेय. सेजच्या पानांवर दवाचे पांढरे कण आहेत आणि टायर घासला की कडवट, ओव्याला जवळचा वास येतो. उत्तरेच्या खडकामागे बर्फाची एकच पट्टी उरलीये, साताठ फुटांची. मी उतरून ती चालत ओलांडते. पलीकडे ओलसर तपकिरी माती. पुढचं चाक तिच्यावर ठेवते, अंगाचा भार टाकते, चाक उचलून खाली वाकून बघते.

ठसा नाही.

शर्यतीला नऊ दिवस आहेत. मी पॅडलवर पाय ठेवते.